कुंपणाची फळे

भादवा सरतो. पाऊस ओसरतो. कापूस फुटू लागतो. खानदेशात वेचणीची घाई सुरू होते. आई-बाप सकाळीच शेतात जातात. लहान मुले घरी आजीजवळ राहतात. आजीची नजर चुकली की मुले कुंपणाकडे पळतात. आणि याच दिवसांत कुंपणावर फळे धरलेली असतात.

पुष्कळ गावांत कुंपण चंद्रज्योतीचे असते. तिलाच मोगली एरंड म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिकेतले. फांदी खोचली की ते जगते. शेळी त्याला तोंड लावत नाही. म्हणून लोकांनी ते कुंपणाला लावले. पुढे २००३ च्या सुमारास त्याच्या तेलापासून डिझेल करावे, म्हणून सरकारनेही लागवडीला उत्तेजन दिले.

चंद्रज्योतीचे फळ आधी हिरवे, मग पिवळे, शेवटी काळे होते. आत बहुधा तीन काळ्या बिया असतात. बी फोडली की पांढरा गर निघतो. तो शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो. घात तिथेच होतो. एक मूल खाते, ते पाहून दुसरे खाते. थोड्या वेळाने उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पोटात आग होते. मूल गळून जाते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुले बरी होतात. बी भाजली म्हणून तिचे विष जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे झाड कण्हेर. अंगणात फुलांसाठी आपण ती लावतो. लाल कण्हेर असो की पिवळी, दोन्ही विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या फळाला बिट्टी म्हणतात. मुले बिट्ट्यांनी खेळतात. पण आतला गर पोटात गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात. मूल दगावूही शकते.

तिसरा धोतरा. तो उकिरड्यावर उगवतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला त्याची काटेरी फळे आपण शंकराला वाहतो. पूजा झाली की ती फळे देवळाबाहेर पडून राहतात. मुले ती उचलतात. बी खाल्ले की तोंड कोरडे पडते. चेहरा लाल होतो. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. मूल भलतेच बडबडते. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. ती बाधा नव्हे, ते विष आहे.

गुरांनाही जपले पाहिजे. कण्हेरीचा ओला पाला कडू, म्हणून जनावर सहसा खात नाही. पण छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकल्या, पाला वाळून कडब्यात मिसळला, तर ते खाऊन टाकते. थोड्या पानांनीही बैल मरतो. शेळी आणि कुत्रे यांनाही तो घातक आहे.

मुलाने असे काही खाल्ले तर काय करावे?

१. मुलाला मारू नये, रागावू नये. भ्यालेले मूल खरे सांगत नाही. मायेने विचारावे, "काय खादं रे बाळ? कितलं खादं?"
२. तोंडातले उरलेले काढावे. चूळ भरायला लावावी.
३. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये.
४. मूल बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवावे. तोंडात काही घालू नये.
५. अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. १०८ नंबरला फोन करावा. ही गाडी फुकट येते. नाहीतर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा.
६. खाल्लेले फळ किंवा पान फडक्यात बांधून बरोबर न्यावे. डॉक्टरांना झाड ओळखता येते.
७. जितकी मुले बरोबर खेळत होती, तितक्या सर्वांना न्यावे. काहींना त्रास उशिरा होतो.

जनावराने खाल्ले तर गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे. त्यासाठी १९६२ हा नंबर आहे.

आम्ही असे म्हणत नाही की सगळी झाडे तोडा. शाळा, अंगणवाडी आणि अंगण येथली चंद्रज्योत काढून टाकावी. शेताच्या बांधावरची राहू द्यावी. फळे धरली की तोडून खोल पुरावी. मग हात स्वच्छ धुवावे. कण्हेरीच्या फांद्या गोठ्यापासून दूर टाकाव्या. देवळातला धोतरा पूजेनंतर लगेच उचलावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांचा हात धरून त्यांना ही झाडे दाखवावी. ज्या मुलाला झाड ठाऊक असते, ते आपल्या धाकट्या भावंडालाही आवरते.

वाचा व लिहा : चंद्रज्योत, कण्हेर, बिट्टी, धोतरा, कुंपण.

प्रश्न
१. चंद्रज्योतीचे बी मुले का खातात?
२. मुलाने विषारी फळ खाल्ले तर दवाखान्यात बरोबर काय न्याल?
३. तुमच्या गल्लीत अशी झाडे कुठे कुठे आहेत? शेजाऱ्यांना घेऊन पाहून या आणि त्यांची यादी लिहा.