दाराला कडी, तशी फोनला कडी



रात्री निजण्यापूर्वी आपण दाराला कडी लावतो. घरात सोनेनाणे नसले तरी लावतो. घरात काही वाईट काम चालले आहे, म्हणून कोणी कडी लावीत नाही. आपल्या घरात कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे आपले आपण ठरवावे, एवढाच तिचा अर्थ.

आता आपल्या खिशात आणखी एक घर आले आहे. ते म्हणजे मोबाइल फोन. त्यात नातलगांचे नंबर आहेत. लेकीच्या लग्नाचे फोटो आहेत. बँकेचे निरोप आहेत. या घरालाही कडी आहे. पण ती कोठे आहे, हे आपल्याला कोणी दाखविलेले नसते. ती आज आपण पाहू.

एक घडलेली गोष्ट

आमच्या गावच्या साक्षरता वर्गात एक बाई येत. वय पन्नाशीचे. दीड वर्षात त्या वाचायला शिकल्या. बुलढाण्याच्या बाजाराला जाताना एसटीची पाटी स्वतः वाचू लागल्या, तेव्हा आम्हांला फार आनंद झाला.

खरिपाच्या तोंडाशी त्यांना सोयाबीनच्या बियाण्यासाठी पैसे कमी पडले. फोनवर जाहिरात आली. दहा मिनिटांत कर्ज, कागदपत्रे नकोत. त्यांनी ते ॲप घेतले. ॲपने विचारले, तुमच्या फोनमधले नंबर पाहू का? बाईंनी ‘अनुमती द्या’ हे बटण दाबले. पैसे आले. पेरणी झाली.

हप्त्याला थोडे दिवस उशीर झाला, आणि मग फोन सुरू झाले. बाईंना नव्हे, त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना! भावाला, जावेला, चिखलीच्या व्याह्यांना, आणि आम्हांलाही. पलीकडचा माणूस बाईंबद्दल वाईटसाईट बोलत होता. बाईंनी वर्गाला येणे सोडले. आम्ही घरी गेलो, तर डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या,

“गुरुजी, म्या तं कोणाचाच नंबर कोणाले देल्ला नाही जी. मंग त्याईले तुमचा नंबर भेटला कुठून?”

नंबर त्यांनीच दिले होते, पण त्यांच्या नकळत. ‘अनुमती द्या’ हे शब्द त्यांनी वाचले होते. आपल्याला वाचता आले, याचा त्यांना आनंदच झाला होता. त्याच्या खाली ‘अनुमती देऊ नका’ असेही लिहिले होते. पण पहिले बटण दाबलेच पाहिजे, असे त्यांना वाटले.

चूक कोणाची? आम्ही त्यांना ‘द्या’ वाचायला शिकविले. ‘देऊ नका’ हेही आपले उत्तर असू शकते, हे शिकविले नाही. ही चूक आम्ही आमच्या पदरी घेतो.

आम्ही बाईंबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. फोनवरून फसवणूक झाल्यास १९३० हा सरकारी नंबर आहे, तोही लावला. बाईंनी मुद्दल फेडले. फोन हळूहळू थांबले. पण व्याह्यांसमोर जाताना बाईंची मान अजून खाली असते. गेलेला पैसा पुन्हा कमावता येतो. गेलेली पत परत यायला वेळ लागतो.

कायदा काय म्हणतो?

कर्नाटकातील एक निवृत्त न्यायाधीश, के. एस. पुट्टस्वामी, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. त्यांच्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपांसाठी नियम घातला. कर्जदाराच्या फोनमधले नंबर, फोटो आणि कोणाला किती फोन केले याची यादी पाहू नये, असा तो नियम आहे.

नियम चांगला आहे. पण जो नियम पाळत नाही, त्याला तो काय अडविणार? म्हणून कडी आपल्या हातात पाहिजे.

रुमालाखालचा भाव

आता एक जुनी गोष्ट सांगतो. पूर्वी बाजारात अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालीत. बोटे दाबून मालाचा भाव ठरवीत. शेतकरी शेजारीच उभा असे, पण त्याला काही दिसत नसे. आपलाच कापूस, आणि आपल्यालाच भाव ठाऊक नाही!

आपला बुलढाणा जिल्हा वऱ्हाडातला. बाजाराला नियम असावेत, ही चाल देशात पहिल्याने वऱ्हाडातच पडली. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे १९६३ साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा कायदा केला. रुमाल गेला आणि उघडा लिलाव आला. बोली सगळ्यांच्या कानांवर पडू लागली.

फोनमधल्या ॲपांचेही तसेच दोन प्रकार आहेत. प्रत्येक ॲप म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या सूचना. काही कंपन्या या सूचना झाकून ठेवतात. आत काय चालते, ते बाहेरच्याला कळत नाही. हा झाला रुमालाखालचा व्यवहार. दुसऱ्या प्रकारात सगळ्या सूचना उघड्या ठेवलेल्या असतात. ज्याला ती विद्या येते, त्याने वाचाव्या, तपासाव्या, सुधाराव्या आणि दुसऱ्याला द्याव्या. याला ‘मुक्त स्रोत’ म्हणतात. इंग्रजीतले ‘ओपन सोर्स’ ते हेच.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आम्हांला ते वाचता कुठे येते?” आम्हांलाही येत नाही! पण उघड्या लिलावात आपण स्वतः बोली लावली नाही, तरी फायदा होतोच. चार जाणते उभे असतात. लबाडी झाली तर कोणीतरी ओरडतो.

असे खरोखर घडले आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपले संगणक जोडायला सुमारे अर्धा सेकंद जास्त वेळ लागतो, असे दिसले. एवढ्यावर दुसरा कोणी लक्ष दिले नसते. त्यांनी सूचना तपासल्या. एका मुक्त कार्यक्रमात कोणीतरी चोरवाट घालून ठेवली होती. ती जगभर पसरण्याआधीच बंद झाली. सूचना उघड्या होत्या, म्हणून एका माणसाला ती शोधता आली.

मात्र उघडे म्हणजे आपोआप सुरक्षित, असे समजू नका. उघड्या बाजारातही खिसा सांभाळावा लागतो.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडे घोटाळा होतो. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे न पडणारे. मुक्त म्हणजे बंधन नसलेले.

बियाण्याचे उदाहरण घ्या. देशी ज्वारीचे बी आपण राखून ठेवतो, पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. ते मुक्त बी. उलट एखादा व्यापारी पहिल्या वर्षी पाकीट फुकट देईल. पुढल्या वर्षी मात्र त्याच्याच दारी जावे लागेल. कर्जाचे ते ॲपही फुकटच होते. त्याची किंमत बाईंनी दुसऱ्याच नाण्यात मोजली.

मुक्त विद्येची ही चळवळ अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ लिहायला घेतले. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे. म्हणजे ज्याची तुम्हांला भीती वाटते, ते तुमच्या खिशात केव्हाच येऊन बसले आहे!

भीती आम्हांलाही वाटली

आम्ही मॅट्रिक झालेले. सारा जन्म खडू-फळ्यात गेला. फोन हाती आला, तेव्हा चुकीचे बटण दाबले तर तो बिघडेल, अशी धास्ती होती. नात म्हणाली, “आबा, फोन काही मडकं नाही, दाबल्यानं फुटत नाही.” तेव्हा कुठे धीर आला. मग आम्ही एक वही केली. जे बटण दाबू, ते वहीत लिहायचे. चुकले तर वही पाहून मागे यायचे. तुम्हीही तसेच करा.

शेतात नवे वाण आपण सगळ्या रानात पेरीत नाही. आधी चार तासे पेरून पाहतो. येथेही तीच रीत. जुने लगेच काढू नका. नवे त्याच्या शेजारी ठेवा. आठवड्याला एकच गोष्ट शिका.

पहिला आठवडा : कडी लावा. फोनमध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा. त्यात ‘ॲप्स’ शोधा. एकेक ॲप दाबून ‘परवानग्या’ पाहा. विजेरीच्या ॲपला तुमच्या नातलगांचे नंबर कशाला? पत्त्यांच्या खेळाला तुमचे बोलणे ऐकायचे काय काम? ज्याला ज्याची गरज नाही, तेथे ‘अनुमती देऊ नका’ करा. महिनोन्महिने वापरले नाही ते ॲप काढून टाका. या कामाला एक पैसाही लागत नाही.

दुसरा आठवडा : गाणी आणि भजने. ‘व्हीएलसी’ नावाचे मुक्त ॲप आहे. त्याची खूण नारिंगी-पांढरा शंकू. हे पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या कामातून निघाले. फोनमध्ये साठवलेली भजने, कीर्तने ते इंटरनेट नसतानाही लावते. मध्ये जाहिरात नाही. भीती मोडायला हे उत्तम, कारण येथे बिघडण्यासारखे काहीच नाही.

तिसरा आठवडा : माहिती शोधणे. ‘फायरफॉक्स’ हे इंटरनेट पाहण्याचे मुक्त ॲप २००४ सालचे आहे. ते मराठीत मिळते. आपल्या मागावर राहणाऱ्या बऱ्याच जाहिरातदारांना ते मूळचेच अडवते. त्यावर मराठी विकिपीडिया उघडा आणि ‘लोणार सरोवर’ वाचा. हा ज्ञानकोश २००३ पासून आपल्यासारखी माणसेच लिहीत आली आहेत.

चौथा आठवडा : निरोप. ‘सिग्नल’ हे ॲप देणग्यांवर चालणारी संस्था चालवते. त्यातला निरोप बंद पाकिटासारखा असतो. पाठविणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणी वाचू शकत नाही. व्हॉट्सॲपही २०१६ पासून निरोपाला याच पद्धतीचे कुलूप लावते, हे खरे सांगितले पाहिजे. फरक असा, की कोण कोणाशी बोलतो याची नोंद सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही. पण समोरच्याकडेही हे ॲप हवे. म्हणून आधी घरातल्या एकाच माणसाला सोबतीला घ्या. सगळ्या सोयऱ्यांना एकदम हलवायला जाल, तर दमून जाल.

पुढे हौस वाटली, तर शाळेतल्या किंवा घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स घालता येते. ‘विंडोज १०’ ला कंपनीची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असे पुष्कळ संगणक भंगारात जातील. लिनक्सने ते आणखी काही वर्षे कामाला येऊ शकतात. पण हे काम जाणत्याला बरोबर घेऊन करावे, आणि आधी आपले कागद-फोटो दुसरीकडे उतरवून ठेवावे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. लग्नाची पत्रिका, शेतकरी योजना, गाडीचा दंड, अशा नावाने निरोपातून ॲप येते. ते दाबू नका. ॲप घ्यायचे ते फोनच्या नेहमीच्या दुकानातूनच, आणि नाव नीट वाचून.

शेवटी

त्या बाई आता पुन्हा वर्गाला येतात. परवा एक नवी बाई आपला फोन घेऊन आली. त्यावर तोच प्रश्न आला होता. आम्ही काही बोलण्याआधीच आमच्या बाई पुढे झाल्या. बोट ठेवून म्हणाल्या, “थांब माय. आधी खालचं वाच. वरचं तं सगळ्यांलेच वाचता येते.”

वाचकहो, साक्षरतेचा अर्धा भाग ‘द्या’ वाचण्यात आहे. उरलेला अर्धा ‘देऊ नका’ वाचण्यात आहे. दोन्ही वाचा. मग बोट ठेवा.

अभ्यास

१. आपण दाराला कडी का लावतो? फोनची कडी कोठे असते?
२. रुमालाखालचा भाव आणि उघडा लिलाव यांत काय फरक आहे?
३. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द वापरून दोन-दोन वाक्ये लिहा.
४. आपल्या फोनमधील तीन ॲपांच्या परवानग्या पाहा. कोणती बंद केली आणि का, ते वहीत लिहा.
५. १९३० हा नंबर कशासाठी आहे? तो घरातील सर्वांना सांगा.