मुक्त आज्ञावलींचा प्रसार यापुढे कोठे होईल?

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचावयास, सुधारावयास व वाटावयास मोकळी असते, तिला मुक्त-स्रोत आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीस पुष्कळदा किंमत पडत नाही. तेव्हा ती सर्वत्र आपोआप पसरेल, असा समज सहज होतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

फिनलंडमधील एक विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. ही प्रणाली लवकरच घरोघरच्या संगणकांवर रूढ होईल, असे भाकीत तिचे चाहते वर्षानुवर्षे करीत आले. ते खरे ठरले नाही. उलट, सामान्य माणसाची दृष्टी जेथे जात नाही तेथेच तिने जम बसविला. संकेतस्थळे चालविणारे सर्व्हर बहुतांशी तिच्यावर चालतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आहे.

असे का व्हावे? भाकीत करणाऱ्यांनी किमतीकडे पाहिले. पाहावयास हवे होते ते निवड करणाराकडे. घरचा संगणक दुकानातून येतो तोच बहुधा कार्यप्रणालीसह. घेणारा काही निवडीतच नाही, आणि संहिता मोकळी असली तरी ती दुरुस्त करणे त्याच्या आवाक्यातले नसते. सर्व्हरची गोष्ट वेगळी. तेथे निवडणारा आणि बिघाड काढणारा बहुधा एकच असतो. संहिता उघडून पाहता येणे हा त्याच्या रोजच्या उपयोगाचा भाग होय. लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेले अँड्रॉइड २००८ पासून दूरध्वनीसंचांत आले, तेही ग्राहकाच्या आवडीने नव्हे, तर संच बनविणाऱ्या कारखानदारांच्या निवडीने. आपल्या खिशात लिनक्स आहे हे पुष्कळांस आजही ठाऊक नसते!

शासनसंस्थांच्या बाबतीत हाच कस लावून पाहावा. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरविले व २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक त्यावर आणले. परंतु २०१७ साली नगरसभेने माघारीचा निर्णय घेतला. कारणांविषयी वाद आहे. तथापि इतर कार्यालयांशी दस्तऐवजांची देवघेव करताना अडचणी येतात, ही तक्रार सतत होत होती. म्हणजे निवड एकट्या नगराची, पण व्यवहार मात्र भोवतालच्या जगाशी. केरळात शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलींवर आणले गेले आणि तेथे ते टिकले. तेथे पाठ्यक्रम, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मल्याळम भाषेची सोय ही सर्व एकाच शासनाच्या हाती होती.

आणखी एक खूण आहे. जी आज्ञावली अनेकांस सारखीच लागते, पण जिच्यामुळे कोणासही प्रतिस्पर्ध्यावर मात करता येत नाही, ती सामाईक करण्यास प्रतिस्पर्धीही तयार होतात. मोटारींच्या पडद्यामागील मूळ प्रणाली अशीच आहे. टोयोटाने आपल्या २०१८ च्या कॅमरी मोटारीत लिनक्सवर आधारलेली सामाईक प्रणाली वापरली. पडद्याच्या बाबतीत हा प्रसार वाढेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ब्रेक व सुकाणू यांच्या बाबतीत मात्र वेग मंद राहील, कारण तेथे प्रत्येक फेरफाराची सुरक्षितता अधिकृतपणे सिद्ध करावी लागते.

दुसरे क्षेत्र नागरिकांच्या ओळखनोंदणीचे. ही नोंदवही प्रत्येक राष्ट्रास लागते. ती एखाद्या परकीय विक्रेत्याच्या बंद आज्ञावलीत अडकली, तर करार संपल्यावर आपल्याच नागरिकांची नोंद राखण्यासाठी राष्ट्रास त्याच्याकडेच जावे लागते. याच गरजेतून बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ साली ‘मोसिप’ ही मुक्त प्रणाली आकारास येऊ लागली, आणि फिलिपीन्सने आपल्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी ती स्वीकारली. असे पाऊल उचलणाऱ्या पुढील राष्ट्राविषयी वाचकाने एवढेच विचारावे: प्रणाली उभी करून बाहेरचे तज्ज्ञ परतल्यावर तिची संहिता वाचू शकणारी माणसे त्या देशात आहेत काय?