दुसऱ्या प्रश्नाची तयारी

राज्यसेवेच्या मुलाखतीतले बरेचसे प्रश्न आधीच ठाऊक असतात. स्वतःबद्दल सांगा, प्रशासनातच का यायचंय, तुमच्या जिल्ह्यापुढचे प्रश्न कोणते, छंद काय, इतकी वर्षं काय करत होतात. हे प्रश्न फारसे बदलत नाहीत. त्यांची उत्तरं घोटून आलेली लातूर, बीड, धाराशिवकडची मुलंमुली मी सराव मुलाखतींत टेबलापलीकडून बघत आले आहे. नोकरीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यापासून पूर्ण हंगामभर. पहिल्या प्रश्नावर सहसा कुणी अडत नाही. मुलं अडतात ती स्वतःच्याच उत्तरातून निघालेल्या दुसऱ्या प्रश्नावर. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तयारी करायला लावते ती त्या दुसऱ्या प्रश्नाची.

मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली तसं मुलाखतीचं वजनही वाढलं. पूर्वी एकूण ९०० पैकी १०० गुण तिच्यासाठी असायचे, आता २०२५ पैकी २७५ आहेत. नवव्या हिश्शाचा सात-आठवा हिस्सा झाला. उपजिल्हाधिकारी की नायब तहसीलदार, हे त्या वीस-पंचवीस मिनिटांवर ठरू शकतं.

१. आपला अर्ज परक्याच्या नजरेने वाचा

पॅनेलच्या हातात तुमची माहिती असते. गाव, शाळा, पदवी, नोकरी, छंद. तिथूनच धागा उचलला जातो. अर्जातली एकेक नोंद कागदावर उतरवून काढा. अनोळखी माणूस तिच्यावर काय विचारील ते लिहा, आणि तुम्ही जे उत्तर द्याल त्यावर तो पुढे काय विचारील तेही लिहा. पदांच्या पसंतीक्रमाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. पहिलं पद उपजिल्हाधिकारी आणि दुसरं पोलीस उपअधीक्षक असं सांगितलंत, तर 'महसूल नाही मिळालं तर एकदम पोलीस, असं का?' हे कुणीतरी विचारणारच. मित्रांचं बघून क्रम ठरवला असेल तरी आता तरी बसून त्या दोन्ही पदांच्या कामाचा विचार करा. कारण सापडलं नाही, तर निदान ते सापडत नाही हे मुलाखतीआधी कळलेलं बरं.

२. 'वडील शेती करतात' हे अर्धंच वाक्य आहे

आमच्याकडची दहातली आठ-नऊ मुलं हे वाक्य बोलतात आणि थांबतात. मी पुढे विचारते. जमीन किती? कोरडवाहू का बागायती? यंदा काय पेरलं? सोयाबीन. एकरी उतारा किती पडला? कुठे घातलं? काय भावाने गेलं? इथे मुलगा गप्प होतो. शिक्षणासाठी बारावीनंतर घर सोडलेलं असतं, दिवाळीला चार दिवस जाणं होतं, आणि बाप पैसे पाठवताना हिशेब सांगत नाही.

ही साखळी फार लांब जाऊ शकते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात बहुतेकांचा माल त्याहून कमी दराने गेला. मग वडिलांनी सरकारी खरेदी केंद्रावर का नेला नाही? नोंदणी केली होती का? ओलाव्याची अट १२ टक्क्यांची होती, ती पुढे १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली, तोवर माल विकून मोकळे झाले होते का? बारदाना नव्हता म्हणून खरेदी थांबली होती का? हमीभावाची शिफारस कोण करतं आणि मंजुरी कोण देतं? शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोगाची आणि मंजुरी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीची, एवढं पुस्तकात मिळतं. पण आपल्या घरचं सोयाबीन आडत्याकडे का गेलं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते वडिलांनाच विचारावं लागतं.

म्हणून मी सांगते, संध्याकाळी घरी फोन लाव. सातबारा कुणाच्या नावावर आहे विचार. आजोबा गेल्यावर वारसाचा फेरफार झाला का, आजीचं आणि आत्यांचं नाव लागलं का, ई-पीक पाहणी कोण करतं, पीक विमा भरला होता का, मिळाला का. ज्याला तहसीलदार व्हायचंय त्याने आपल्याच घरचा सातबारा वाचलेला नसावा, हे मला पटत नाही. हे फोन तासतासभर चालतात असं मुलंच सांगतात. काहींना बापाच्या डोक्यावर सोसायटीचं किती कर्ज आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलेलं असतं.

गरिबीबद्दल एक सांगायलाच हवं. ती असेल तर एका वाक्यात, सरळ मानेने सांगावी. कष्ट सांगायला लाजू नये, पण त्यावर गुण मागू नयेत. पुढचं बोलणं तुम्हाला काय कळतं, यावर व्हायला हवं.

३. 'समाजसेवा करायची आहे' याच्यापुढे काय?

'प्रशासनात का?' याला दिलं जाणारं हे सगळ्यात मोठं पाठ उत्तर. भावना खोटी नसते, मला त्याबद्दल शंका नाही. पण दुसरा प्रश्न तयारच असतो: समाजसेवा शिक्षक होऊन करता येते, डॉक्टर होऊन करता येते, संस्थेत जाऊन करता येते, मग अधिकारीच कशाला?

आमच्या एका मुलीचं उत्तर मला अजून आठवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलात आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. टँकर भरायच्या जागी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. ही मुलगी तेव्हा शाळेत होती आणि आईबरोबर घागरी घेऊन रांगेत उभी राहायची. ती म्हणाली, 'आमच्या गल्लीत रोज भांडणं व्हायची. एक दिवस एक कर्मचारी यादी घेऊन आले, घराघराची पाळी ठरवली, आणि दुसऱ्या दिवसापासून भांडणं थांबली. पाणी तेवढंच होतं. मला ते काम करायचंय.'

सरकारी यंत्रणा म्हणजे काय, तिचा उपयोग काय, हे तिने चार वाक्यांत सांगितलं होतं. पण मी तिला तिथे सोडलं नाही. जमावबंदी कुठल्या कलमाखाली? तिला १४४ माहीत होतं. तेच आता कुठे आहे? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि ही तरतूद तिच्या कलम १६३ मध्ये आली. आदेश कोण काढू शकतं? पाणी मिरजेहूनच का आणलं? कृष्णेकाठच्या लोकांनी ते का द्यावं? ज्या अनुभवावर तुम्ही उत्तर उभं करता, त्याच्या अवतीभवतीचा कायदा, भूगोल आणि आकडे तुम्हाला पक्के माहीत असले पाहिजेत. ती तयारी तिने पुढच्या आठवडाभरात केली, आणि मग तिचं तेच उत्तर दुप्पट भारी वाटायला लागलं.

तुमच्या वाट्याला असं काही आलेलं नसेल तर ओढूनताणून बनवू नका. आजीच्या निराधार योजनेच्या पगारासाठी मारलेल्या फेऱ्या, जात प्रमाणपत्रासाठी घालवलेली सुट्टी, रोजगार हमीच्या विहिरीचं अडकलेलं बिल यातलं काहीतरी प्रत्येक घरात घडलेलं असतंच.

४. जिल्ह्याची पाटी वाचून दाखवू नका

तालुके किती, नद्या कोणत्या, लिंगगुणोत्तर किती, हे यावंच. ते सगळ्यांना येतं. त्यापुढे जाऊन जिल्ह्याचा एकच प्रश्न निवडा आणि त्याच्या तळापर्यंत जा. बीडच्या मुलाने ऊसतोड निवडली तर दसऱ्याच्या सुमाराला टोळ्या कशा निघतात, मुकादमाची उचल म्हणजे काय, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं कशी चालतात, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत का गेला, हे त्याला सांगता यायला हवं. आणि 'तुम्ही तिथे गटविकास अधिकारी असता तर पहिल्या सहा महिन्यांत काय केलं असतं?' यावर दोन करता येण्याजोग्या गोष्टीही. दोनच पुरतात.

अभिमानाच्या गोष्टींचंही तसंच. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे हे मुलं झटकन सांगतात. त्या मानांकनाने शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय आलं? किती जणांनी नोंदणी केली? हा दुसरा प्रश्न.

५. पदवी आणि छंद

यावर फार बोलत नाही. पदवीचा मूळ विषय विसरू नका. यंत्र अभियंत्याला गिअरबद्दल विचारलं आणि त्याने 'बरीच वर्षं झाली' म्हटलं, की वाईट दिसतं. कृषी पदवीधराला रुंद सरी-वरंब्याचा फायदा सांगता यायला हवा. छंद खरा असेल तोच लिहा. गडकोट लिहिलं असेल, तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले बारा किल्ले माहीत हवेत, त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे हेही हवं, आणि त्यातल्या एका किल्ल्यावर तरी तुमचे पाय लागलेले हवेत.

६. मधल्या वर्षांचा हिशेब

पदवीनंतरची पाच-सहा वर्षं पुण्यात गेलेली असतात. सदाशिव पेठेतली कॉटबेसिसची खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतला ठरलेला टेबल. 'या काळात काय केलंत?' हा प्रश्न मुलांना लागतो, कारण गावात नातेवाईकही तोच विचारत असतात. तो टोमणा म्हणून ऐकू नका. किती वेळा पूर्व निघाली, कितव्यांदा मुख्यला बसलो, कुठल्या विषयात कमी पडत होतो, ते कसं भरून काढलं, हे तारखेवार सांगा. शिकवण्या घेतल्या असतील, करोनात गावी राहून शेतात राबला असाल, बहिणीच्या लग्नासाठी वर्ष थांबला असाल तर तेही सांगा. 'यंदा नाही झालं तर?' हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर खरं असावं एवढंच मी म्हणते. ज्याने दुसरा रस्ता विचारात घेतलाय तो ते शांतपणे सांगतो, आणि ती शांतता पॅनेलला दिसते.

७. 'तुम्ही तिथे आहात, काय कराल?'

रात्री नऊला फोन येतो. उद्या सकाळी एका गावात पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही गटविकास अधिकारी आहात.

'कडक कारवाई करीन' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय! कारवाई म्हणजे कुणावर, कुठल्या अधिकाराने, किती वाजता? बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. म्हणजे पहिला फोन त्याला. अंगणवाडी सेविकेला घर माहीत असतं, दुसरा फोन तिला. वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यावर, म्हणून मुख्याध्यापकांना उठवायचं. १०९८ ला कळवायचं, पोलीस ठाण्याला कळवायचं, आणि जमलं तर रात्रीच स्वतः तिथे पोहोचायचं. मांडवात वऱ्हाड जमल्यावर समजूत घालणं फार अवघड असतं. मी हे केलेलं आहे. पोरीचा बाप हात जोडून उभा असतो, उधारीवर आणलेला किराणा दाखवतो, आणि त्याच्याशी कठोर न होता ठाम राहावं लागतं.

मग दुसरा प्रश्न: गावातल्या वजनदार माणसाचा फोन आला, 'साहेब, आमच्या घरचं कार्य समजा, सोडा.' काय कराल? इथे शौर्य दाखवायची गरज नसते. 'माहिती लेखी नोंदली गेली आहे, आता माझ्या हातात नाही, आपणच घरच्यांना समजावलंत तर बरं होईल', असं शांतपणे म्हणता येतं. आणि तिसरा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: लग्न थांबलं, त्यानंतर त्या मुलीचं काय? ती परत शाळेत जाते का, महिन्याभराने दुसऱ्या गावी नेऊन तिचं लग्न लावत नाहीत ना, याचा पाठपुरावा कोण करणार? बालकल्याण समितीचं नाव इथे आलं पाहिजे. हे ज्याला आपोआप सुचतं, त्याला मी न विचारताच जास्त गुण देते.

८. माहीत नसेल तर

'सर, मला याची माहिती नाही.' एवढंच म्हणा आणि थांबा. अंदाज करायचा असेल तर 'अंदाज करू का?' असं विचारून करा. एका न आलेल्या प्रश्नाने काही बिघडत नाही. तो मनात धरून पुढचे तीन घालवले तर बिघडतं.

९. मुलींना हमखास येणारा प्रश्न

'लग्नानंतर बदली लांब झाली तर? घरच्यांना चालेल?' वेगवेगळ्या शब्दांत हा येतोच. पूर्ण सेवाकाळात मी तो ऐकला आहे, मुलाखतीतही आणि नंतरही. रागावू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. 'बदली हा सेवेचा भाग आहे, तो समजूनच अर्ज केलाय' एवढं वाक्य बोला. 'घरच्यांशी बोलणं झालंय' असं म्हणणार असाल तर ते खरोखर झालेलं असू द्या, कारण 'काय म्हणाले मग?' हा पुढचा प्रश्न येईल. म्हणून मुलाखतीआधी आईवडिलांबरोबर, आणि लग्न ठरलं असेल तर त्याच्याबरोबरही, गडचिरोलीचं नाव घेऊन बोला. नुसतं 'लांब' म्हटलं की सगळे हो म्हणतात.

माझ्यासमोर येणाऱ्या मुलांनाही मी हाच प्रश्न विचारते. बायको अधिकारी आहे, तिची बदली गडचिरोलीला झाली, मूल दोन वर्षांचं आहे, तुम्ही काय कराल? बरेच जण खाली बघतात. त्यांना मी याचं उत्तर घरी बोलून, ठरवून पुढच्या रविवारी घेऊन यायला सांगते.