आमचे मेणवली आणि शेजारची गावे

आमचे गाव मेणवली. तालुका वाई, जिल्हा सातारा. वाईहून कृष्णेच्या काठाने वर आले की तीनेक किलोमीटरवर गाव लागते. ऊस, हळद, ज्वारी ही इकडची पिके. हळद शिजवायचे दिवस आले म्हणजे सगळ्या आळीला तिचा वास येतो.

१७६८ साली हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळाले. त्यांनी येथे वाडा आणि नदीवर घाट बांधला. घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ आहे. जवळच एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी माता व बाळ येशू आहेत. शंकराच्या देवळापाशी हे कसे काय? तर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. पाहुणे मात्र आधी विचारतात, "स्वदेसचं शूटिंग कुठं झालं?" २००४ च्या त्या सिनेमात आमचा घाट दिसतो खरा, पण गावाचे नाव चरणपूर! मला तर घंटाच जास्त मोलाची वाटते.

नानांचे कागद 'मेणवली दफ्तर' म्हणून प्रसिद्ध आहेत. ते आता पुण्याला डेक्कन कॉलेजात आहेत.

जवळच्या भोगावात वामन पंडितांची समाधी आहे. वाईच्या पलीकडे बावधन, तिथले रंगपंचमीचे बगाड कोणी पाहिले नाही?

नदीने आणखी वर गेले की धोम. तेथे नरसिंहाचे देऊळ आहे आणि कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. धोमला कृष्णेवर धरण बांधले. त्याचे पाणी कालव्यांनी दूरच्या शेतांना जाते. आपण भूगोलात 'धरणाचे फायदे' पाठ करतो. परंतु वरच्या खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी त्यात गेल्या, हेही लिहायला हवे. माझ्या आजीचे माहेर तिकडचेच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती बोट करून सांगते, "त्या तिथं आमचं खळं हुतं, अन् त्याच्या वरच्या अंगाला आंबा." आम्हाला नुसता चिखल दिसतो.

नानांचे कागद जपून ठेवले आहेत. आजीच्या शिवाराची नावे मात्र तिच्या तोंडीच आहेत. ती मी वहीत उतरवून घेत आहे. आज आलेल्या पालकांपैकी कोणाला पाण्याखालच्या शेतांची, विहिरींची नावे आठवत असतील, तर त्यांनी खालच्या कोऱ्या कागदावर लिहावीत. पेन्सील दोऱ्याला बांधली आहे.