प्रबंधास हात घालण्यापूर्वी

माहिती-तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन या जोडविषयाच्या पदव्युत्तर अभ्यासात प्रचलित प्रश्नांवर लघुप्रबंध लिहावा लागतो, आणि तो लिहिताना विद्यार्थ्याची जी दमछाक होते तिचे कारण बहुधा त्याच्या बुद्धीत नसून विषयाच्या निवडीत असते. मला आलेला अनुभव पुढे येणाऱ्यांच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

माझ्या सहाध्यायांपैकी अनेकांनी ब्लॉकचेनसारखी, त्या वर्षी सर्वतोमुखी झालेली नावे घेतली. मी एका सहकारी पतसंस्थेचे संगणकीकरण हा विषय घेतला. व्यवस्थापकांनी दप्तर पाहण्यास तोंडी रुकार दिला आणि मी तेथे जाऊन बसू लागलो. सायंकाळी खिडकी बंद झाली की रोखपालबाई संगणकातून छापून निघालेला दिवसाचा हिशेब पुढ्यात घेत, हाताने लिहिलेल्या कीर्दीशी एकेका रकमेची रुजुवात करीत, आणि दोन्हीकडील शिल्लक जुळली म्हणजे समासात पेन्सिलीने बारीकशी खूण करीत. संगणक येऊन बराच काळ लोटला होता, तरी कीर्द चालूच होती. कारण ती बंद करण्याचा हुकूम कोणी द्यावा आणि दोहोंत तफावत निघाल्यास कोणता आकडा प्रमाण मानावा, याविषयी संचालक मंडळाने एकही ठराव केलेला नव्हता. यंत्र नवे होते, पण त्याच्या पोटी दडलेला प्रश्न अधिकाराचा आणि जबाबदारीचा, म्हणजे व्यवस्थापनशास्त्राइतकाच जुना होता.

पुढे संस्थेची निवडणूक होऊन नवे मंडळ आले, आणि बाहेरच्या इसमास दप्तर दाखवण्याची मंजुरी कोणत्या ठरावान्वये दिली, अशी त्याने विचारणा केली. तसा ठराव नव्हता; व्यवस्थापकांनी आपला शब्द फिरवला, जमवलेली टिपणे वापरण्यास मनाई झाली, आणि मला मुदतवाढ घेऊन दुसऱ्या संस्थेत सारे काम नव्याने करावे लागले. म्हणून पहिली सूचना ही की, परवानगी लेखी घ्यावी, ती संस्थेच्या ठरावाच्या आधारे असावी, आणि कोणते कागद पाहावयाचे, कोणते उद्धृत करावयाचे याचा तपशील तीत असावा. खातेदारांची नावे व क्रमांक टिपणवहीत उतरूच देऊ नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवल्यानंतर आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाल्यानंतर ही खबरदारी केवळ शिष्टाचाराची बाब उरलेली नाही.

दुसरी सूचना विषयाच्या निवडीसंबंधी आहे. ज्यांना संस्थेचे दप्तर मिळणार नाही, त्यांनी चौकशी पूर्ण होऊन जिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आहे अशी एखादी घटना घ्यावी. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलालपेढीच्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवी आज्ञावली चढवली गेली आणि आठवा तसाच राहिला. त्यातील जुनी, वापरातून गेलेली आज्ञावली जागी होऊन सुमारे ४५ मिनिटांत तिने इतक्या अनिर्बंध मागण्या बाजारात धाडल्या की पेढीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. तेथील रोखे आयोगाच्या ऑक्टोबर २०१३ च्या आदेशात नमूद आहे की, एका तंत्रज्ञाचे काम दुसऱ्याने तपासण्याची लेखी पद्धत पेढीत नव्हती, आणि बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने आपोआप पाठवलेल्या ९७ ईमेलांची कोणी दखल घेतली नाही. हा आदेश कोणासही वाचावयास खुला आहे. आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो सायबर हल्ला झाला, ज्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, त्याची सुरुवात ११ तारखेस, म्हणजे बँकांच्या सुट्टीच्या दुसऱ्या शनिवारी झाली. सुट्टीच्या दिवशी धोक्याची सूचना कोणाकडे जावी आणि व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणास असावा, हा एकच प्रश्न घेऊन चार बँकांची पद्धत पडताळली, तरी उत्तम प्रबंध सिद्ध होईल.

तिसरी सूचना प्रश्नावलीविषयी. मित्रमंडळींत फिरवून भरून घेतलेल्या शंभर प्रश्नावल्यांपेक्षा, प्रत्यक्ष काम करणाऱ्या दहा कारकुनांशी त्यांच्या मेजाशी बसून केलेले संभाषण अधिक मोलाचे असते. तुम्ही समाधानी आहात काय, असे विचारल्यास होकारच मिळतो. काल यंत्र अडले तेव्हा तुम्ही काय केलेत, असे विचारले म्हणजे माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, आज ज्या तंत्राचा गाजावाजा आहे त्याचे नाव तुमचा प्रबंध तपासला जाईपर्यंत कदाचित मागे पडेल. परंतु निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकाराने घेतला आणि त्याची झळ कोणास लागली, हे प्रश्न शिळे होत नाहीत. विषयाच्या अर्जावर तंत्राचे नाव लिहिण्याआधी हे तीन प्रश्न लिहा, आणि त्यांची उत्तरे ज्या दप्तरात मिळतील ते दप्तर पाहण्याची लेखी परवानगी हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाका.