काँक्रीट पडण्याआधीचे फोटो

काँक्रीट पडलं की सळई दिसत नाही. म्हणून बडोद्यात भायली-गोत्रीकडच्या साइटवर मोबाइलचं खरं काम स्लॅब भरण्याआधीच्या दोन तासांत असतं. नंतरचे बहुतेक फोटो जाहिरातीला.

फोटोवरच तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारं कॅमेरा अॅप घ्या. नेहमीसारखा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की त्यातली ही माहिती गळून पडते, छापलेली टिकते.

सळयांवर टेप आडवा धरून फोटो काढा, आकडे वाचता आले पाहिजेत. दोन सळयांमधलं अंतर, बीमच्या रिंगा, मग कव्हर ब्लॉक. त्यासाठी वाकावं लागतं, म्हणून नेमका तोच फोटो राहून जातो. ब्लॉकच्या जागी फरशीचा तुकडा दिसला तर तिथल्या तिथे बदलून घ्या. नंतर सेंटरिंगखाली उतरा: टेक्याखाली फळी आहे, की विटा रचून उंची भागवली आहे? कडेचं रेलिंगही टिपा. हे सगळं पाहून इंजिनिअर साइटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘गाडी सोडा’ लिहील, तेव्हाच आरएमसी प्लँटला फोन करायचा. हा नियम पाळायचा नसेल तर फोटोंचा खटाटोपही नको.

गाडी आली की चलनाचा फोटो घ्या. ग्रेड आणि प्लँट सोडल्याची वेळ दिसू द्या. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, माल घट्ट होतो आणि तो पातळ करायला कुणीतरी पाण्याचा पाइप उचलतोच. त्याला अडवा. ३० घनमीटरच्या स्लॅबला आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. क्यूबवर नंबर घालून फोटो काढा आणि २८व्या दिवसाच्या चाचणीचा रिमाइंडर लगेच लावा. उन्हाळ्यात क्युरिंग किमान १० दिवस. त्याचा फोटो भर दुपारी घ्या. सकाळी नुकतंच पाणी मारलेला स्लॅब सगळ्यांचाच ओला असतो.

मजूर बहुतेक दाहोद, छोटा उदेपूरकडचे. लांबलचक सूचना कोण वाचणार? सकाळी मुकादमाच्याच आवाजात, त्यांच्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाका: आज कुठे खोदलंय, कुठे बेल्ट लागेल. धोक्याचा फोटो मजुराने पाठवला तर आधी काम थांबवा, चौकशी मागाहून. परांचीवर फोन खिशात.

साइटचं लोकेशन ग्रुपवर पिन करून ठेवा आणि अपघात झाला तर १०८ ला फोन कोण करणार, गेटवर कोण उभं राहणार, हे दोघांना नावानिशी आधीच सांगून ठेवा.