भिंतीला घाम का फुटतो?



या वेळच्या पाठात गोष्ट नाही, कविताही नाही. पाठ आहे भिंतीवरच्या काळ्या डागांचा. वर्ग सुटल्यावर चहा घेताना सहज विषय निघाला, तेव्हा कळले की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे डाग आहेत. प्रत्येकाला वाटत होते की फक्त आपल्याच घरी आहेत, म्हणून कोणी बोलत नव्हते.

आधी शब्द पाहू. भिंतीत पाणी मुरले की ओल येते आणि ओलीवर वाढते ती बुरशी. त्यावरूनच आपण जुनाट विचारांना बुरसटलेले विचार म्हणतो. हवेत पाण्याचा अंश जास्त असला की हवा दमट, खोली बंद राहिली की कोंदट, आणि अशा खोलीत येतो तो कुबट वास. डब्याचे झाकण उघडे राहिले की चिवडा सादळतो. (हे इंग्रजीत एका शब्दात सांगून दाखवा बरे!) ओल नेहमी वाईटच असते असे मात्र नाही. पेरणीला जमिनीत ओल लागते आणि प्रेमळ बोलण्यात मायेचा ओलावा असतो.

आता आमची हकिगत. आम्ही रेडिंगमध्ये भाड्याच्या घरात राहतो. घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, नऊ इंची सलग विटांच्या भिंतींचे. दोन हिवाळ्यांपूर्वी आमची धाकटी रात्र रात्र खोकत असे. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला. एके दिवशी तिचे कपाट पुढे ओढले तर मागची भिंत काळी! आम्ही एजंटला कळवले. उत्तर आले, तुम्ही स्वयंपाक फार करता, कपडे घरात वाळवता, खिडक्या उघडत नाही. आम्हाला राग आला आणि खरे सांगायचे तर लाजही वाटली. आठवडाभर आम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. मग भिंत पुसून वरून पांढरा रंग दिला. दीड महिन्यात डाग रंगातून वर आले.

आमचा धंदा संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा. तिथे आम्ही कधीही अंदाजाने दुरुस्ती करत नाही, आधी चूक कुठे आहे ते पाहतो. भिंतीच्या बाबतीत नेमके हेच आम्ही विसरलो होतो.

मुलांनो, उन्हाळ्यात ताकाचा थंड पेला बाहेरून ओला होतो ना? ते पाणी पेल्यातून झिरपत नाही, हवेतून येते. गरम हवेत बाष्प जास्त मावते. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम, १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. खोलीत २० अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ती हवा साधारण १४ अंशांपर्यंत थंड झाली की पाणी सोडू लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आमच्या कपाटामागची भिंत १२ अंशांवर होती. बुरशीला तर पाण्याचे थेंबही लागत नाहीत, भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी पुरते.

आपल्याकडे पावसाळ्यात चपलांना आणि पुस्तकांना बुरशी येते. तिथे बाहेरचीच हवा दमट असते. इथे हिवाळ्यात बाहेरची हवा गार असल्यामुळे तिच्यात बाष्प कमी असते, म्हणून दहा मिनिटे खिडक्या सताड उघडल्या तर खोली कोरडी होते. गावाकडच्या आजीला हे फोनवर पटवणे आम्हाला अजून जमलेले नाही.

मग आम्ही एक प्रयोग केला. भिंत कोरडी पुसली, त्यावर हातभर ॲल्युमिनियमची फॉइल ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन-तीन दिवस थांबलो. फॉइलच्या आपल्या बाजूला पाणी दिसले तर ते खोलीतल्या हवेतले. फॉइलच्या पाठीमागे दिसले तर ते भिंतीतून येणारे. कपाटामागे पाणी पुढच्या बाजूला होते. पण वरच्या कोपऱ्यात, जिथे तपकिरी डाग होता आणि पोपडे निघत होते, तिथे फॉइलची पाठ ओली! पाऊस पडला की तो डाग वाढे, हे थोरल्याने वहीत तारखेनिशी लिहून ठेवले होते.

म्हणजे एजंट अर्धा बरोबर होता. वीज-गॅस वाचवायला आम्ही खिडकीवरची हवेची फट चिकटपट्टीने बंद केली होती. कपडे रेडिएटरवर वाळत होते, आणि एका वेळच्या धुण्यातून जवळजवळ दोन लिटर पाणी हवेत जाते. ते आम्ही सुधारले, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, कुकर लावला की पंखा सुरू. पण वरच्या कोपऱ्याचा पोळ्या लाटण्याशी काहीही संबंध नव्हता. छपराची पन्हळ पानांनी तुंबून पाणी विटांवरून वाहत होते. वही आणि फोटो पाठवल्यावर शेवटी माणूस आला. पन्हळ साफ व्हायला एक तास लागला, भिंत सुकायला सगळा उन्हाळा. धाकटीचा खोकला कमी झाला. तो निव्वळ भिंतीमुळे होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, पण पंप आता क्वचित लागतो.

पालकांसाठी थोडे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा विकार होऊन तो गेला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने दिला. त्याच्या वडिलांनी तक्रार केली होती आणि त्यांनाही रंग द्यायलाच सांगितले गेले होते. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. धोकादायक ओलीची तपासणी आता दहा कामाच्या दिवसांत करावी लागते. खाजगी भाडेकरूंसाठीही १९८५ च्या कायद्याने बाहेरच्या भिंती आणि पन्हळी यांची दुरुस्ती घरमालकाकडेच आहे, आणि घर राहण्याजोगे असावे असे २०१८ चा कायदा सांगतो. तक्रार फोनवर नको, लेखी करा, फोटोवर तारीख ठेवा. दाद लागली नाही तर काउन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जा.

बुरशी साफ करताना मुलांना खोलीबाहेर ठेवा, हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू उडतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. डाग एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर हे काम आपले नव्हे.

थोरल्याने विचारले, मग पेनिसिलिनपण बुरशीपासूनच ना? बरोबर! १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात फ्लेमिंग यांना ती दिसली, आणि पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनसाठी सरकारी कारखाना स्थापन झाला. पण ती भिंतीवर नको.

गृहपाठ: आर्द्रतामापक वर्गाच्या पेटीत ठेवला आहे, पाळीपाळीने घरी न्या. सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणानंतर आकडा लिहा. ओल, दमट, कोंदट, कुबट, सादळणे या शब्दांची पाच वाक्ये पुढच्या शनिवारी आणा. "भिंत ओली आहे" हे वाक्य चालणार नाही, ते आम्हीच लिहून संपवले आहे.